कापशाचं गोणपाट

मु. वैशाखरे, मंगळवार, दिवेलागण.

आमचा ससा कापशा आळशी झालाय, असं मी सगळ्यांना हसत सांगायचे. कोपऱ्यातून हलायचाच नाही ना. आज मुरबाडच्या डॉक्टरांनी त्याला गुळगुळीत टेबलावर ठेवलं, तर मागचे पाय फाकले. खाली रबराची चटई घातली, तर नीट उभा राहिला. "घरात लादी नवीन आहे का?" त्यांनी विचारलं.

आहे. दिवाळीआधी सारवलेली जमीन काढून चकचकीत लाद्या बसवल्या. सशाच्या तळव्यांना गाद्या नसतात, नुसते केस असतात. घसरून घसरून पाय दुखावलेत, म्हणाले. बरे होतील, पण वेळ लागेल.

सासूबाईंना कळलं होतं. "पाय सरकतात गो त्याचे," म्हणत त्यांनी गोणपाट अंथरलं होतं. मी ते उचललं. त्यांनी परत घातलं, मी परत उचललं. कशासाठी? तर पाहुण्यांना लादी दिसावी!

मागच्या दारी टाकलेलं तेच गोणपाट आज झटकून घातलं. मी पुढ्यात लादीवर बसले. कापशा गोणपाटावरून चालत कडेपर्यंत आला आणि थांबला. मी हात पुढे करून बोलावलं.

तो आला नाही.