दिव्यापुढं एक वाक्य

चकलांबा. चैत्र वद्य ३, शके १८३३
आमच्या यमूला पहिल्या बाळंतपणासाठी गेवराईहून आणून महिना झाला. पायांवर सूज आहे. सरकारी मदरशात शाळेच्या पोरांना शिकवताना चित्त नव्हतं, लवकर निघालो.
दिवेलागणीला सौ.चा नेम. देवापुढं दिवा लावून दिवसातली एक चांगली गोष्ट मोठ्यानं सांगायची नि हात जोडायचे. आज म्हणाली, "पोरीनं अर्धी भाकर खाल्ली. देवा, तुझे उपकार."
यमू हसली. "आई, अर्ध्या भाकरीचं बी सांगतीस व्हय त्याला?"

चै. व. ९
पहाटे मुलगी झाली. रक्त थांबेना. सुईण, मग वैद्य. दुपारी यमू

चै. व. १०
काल पुढं लिहवलं नाही. यमू गेली.
सुतकात देवाला शिवायचं नाही, म्हणून सौ.नं सांजेला लांबूनच हात जोडले. "लेकरू जगलं. तुझे उपकार."
मी ओरडलो. "कशाचे उपकार? जीभ रेटते तरी कशी तुझी?"
ती म्हणाली, "त्याच्याशी बी बोलणं सोडलं, तर बोलू कुणाशी?"

चै. अमावास्या
धनगराची सखूबाई दोन्ही वेळा शेळी दारात आणून दूध पिळून देते. कापसाचा बोळा बुडवून बाळीला चोखवतो. दोन दिवस सगळं ओकली. आज पोटात राहिलं. सौ.नं शेळीचे उपकारही देवाला सांगितले. मी उठून बाहेर गेलो.
खरं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. ओठावर येऊ दिलं नाही.

वैशाख शु. ७
बाळी अंगानं भरतेय. सौ. तिला "यमे" म्हणून हाक मारते. मी अडवत नाही.

वै. व. १
जावई नि विहीणबाई छकडा घेऊन आले. जावई उंबऱ्यातच रडले. माणूस वाईट नाही. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्या घरचं लेकरू हाय. धाकट्या सुनंच्या अंगावर दूध हाय. शेळीवर किती दिस काढायचे?"
बोलणं खरं होतं.
सौ.नं बाळीला न्हाऊ घातलं, काजळ लावलं, उचलून दिली. रडली नाही. छकडा दिसेनासा झाल्यावरही दारातच उभी.
दिवा लागला नाही.

वै. व. ३
आजही अंधार. म्हटलं, "अगं, दिवा?"
"मी न्हाई. लई दिस म्या सांगितलं. आता त्यानं सांगावं मला, कावून नेली ते."
भाकरी दोघांच्याही तशाच राहिल्या.

वै. व. ४
आज मीच दिवा लावला. तेल सांडलं. इतकी वर्षं पोरांना शिकवतो, पण एक वाक्य जुळेना. सौ. भिंतीकडं तोंड करून पडलेली.
शेवटी म्हणालो, "देवा, सतरा वर्षं यमू आमची होती. तुझे…" पुढचा शब्द निघेना.
भिंतीकडून आवाज आला, "पोटातले नऊ महिने धरले न्हाईत तुमी."
पुन्हा म्हणालो. सतरा वर्षं, नऊ महिने. तेवढंच. उपकार म्हणवले नाहीत. तिनंही म्हटले नाहीत. पण कूस बदलून दिव्याकडं बघत होती.