नावाड्याचे पंचवीस पॉइंट

सोमवार, ४ मार्च
डोकं भणभणलंय! गेम खेळून तपासणाऱ्या टेस्टरने आज माझी चूक काढली. आणि ती चूक आहे की नाही, हेच मला कळेना.

आमच्या गेममध्ये नायिकेला नदीत एक नावाडी भेटतो. त्याचं सगळं बोलणं मीच लिहिलंय. त्याच्याशी एकदा बोललं की एक पॉइंट. पंचवीस झाले की तो तिचा हात धरतो – झालं प्रेम सुरू! टेस्टरने मुद्दाम दर वेळी 'नाही' दाबलं. तर 'हो'वाल्यांच्या आधी हिचेच पंचवीस भरले! कारण नाही म्हटलं की तो समजूत घालत बसतो. बोलणं वाढतं, पॉइंट वाढतात.

"बाई गं, मी इतकं झिडकारलं आणि हा माझ्याच गळ्यात!" सगळे हसले. मीही. घरी येताना मात्र काही हसू येईना.

मंगळवार, ५ मार्च
बॉस म्हणे, "चूक कसली? चित्रकारांनी त्या प्रसंगावर चार महिने घातलेत. तो सगळ्यांना दिसलाच पाहिजे."
मग 'नाही'चं बटण ठेवलंय कशाला?
"लोकांना बरं वाटतं."
कप्पाळ!

गुरुवार, ७ मार्च
आईचा फोन. रविवारी दातवाला परत जेवायला येतोय. दातवाला म्हणजे तिच्या मैत्रिणीचा मुलगा, दातांचा डॉक्टर. मी म्हटलं, नको. "अगं, नुसतं बोलायला काय जातंय तुझं?"

जानेवारीपासून पाच वेळा नाही म्हटलंय, आणि पाचही वेळा त्याच्यासमोर बसून जेवलेय. आता तर ती लग्नासाठी हॉल बघतेय! माणूस वाईट नाही. खाली मान घालून जेवतो, जाताना खुर्ची जागेवर लावतो. पण मला आवडतो का? नाही आवडत? चिडचिडीत काही समजतच नाही. रडूच आलं मेलं.

शुक्रवार, ८ मार्च
'नाही'चे पॉइंट काढून टाकले. संध्याकाळी बॉसने परत घातले.

रविवार, १० मार्च
जेवणानंतर आईने आणि त्याच्या आईने आम्हाला गॅलरीत पिटाळलं. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. सांगून टाकलं – "मला हे लग्न करायचं नाहीये. आणि प्लीज, समजूत घालू नका."

त्याने ग्लास कठड्यावर ठेवला. "हुश्श!"

तो म्हणाला, "मी घरी चारदा नाही म्हटलंय. आई म्हणते, मुलीने होकार दिलाय, आता माघार घेतलीस तर तिला किती लागेल."

होकार! मी! हसता हसता मला ठसका लागला. मग दोघांनी आत जाऊन दोन्ही आयांना एकदमच सांगितलं. आई अजून बोलत नाहीये माझ्याशी.

आत्ता लिहिताना आठवलं – नावाड्याला काय हवंय, हे मी कधी लिहिलंच नाही. बिचारा!

सोमवार, ११ मार्च
नवीन लिहिलं. 'नाही' आलं की नावाडी म्हणतो, "बरं." वल्हं उचलतो आणि तिला पलीकडे सोडतो. बस. बॉस भडकला. टेस्टरने मात्र ते नऊ वेळा खेळून बघितलं, म्हणून बॉस दोन दिवस राहू देतो म्हणाला.

बुधवार, १३ मार्च
दातवाल्याचा मेसेज – "चहा घ्यायचा का? नाही म्हणालात तर परत विचारणार नाही."
दुपारभर फोन हातात धरून बसले. हो म्हटलं.
आता आईला काय सांगू!