चढत्या चंद्राचं लाकूड

२ जुलै
निवृत्त होऊन गावी आले एकदाची. अठ्ठावीस वर्षं सान होसेच्या तंत्रशाळेत मुलांना सुतारकाम शिकवलं. आता लाकूडही माझं आणि शेडही माझी. फाटकाशी कुंपणाची झाडं आहेत. नुसते खुंट पुरले होते, ते रुजले, आणि काटेरी तार आता त्यांच्या पोटातून आरपार जाते. तार कोणी ओवलेली नाही, झाडांनीच गिळली. बघून मजा वाटली.

माझी फळी शेडमध्ये विटांवर वाट बघत होती. अंगणातल्या ग्वानाकास्ते वृक्षाची, गेल्या वर्षी सुट्टीत येऊन झाड पाडून घेतलं होतं. लांबी अडीच मीटर, रुंदी ९४ सेंटिमीटर, ओलावा बारा टक्के. कडा सरळ कापणार नाही. खोडाची जशी वळणं, तशीच टेबलाची कड राहील. इथल्या गावच्या शाळेच्या भोजनघराला टेबल कबूल केलंय. पंचवीसला, प्रांताच्या सणाच्या दिवशी, बालवर्गातली बारा मुलं त्यावर पहिल्यांदा जेवतील.

५ जुलै
पटाशीने साल काढली. कड एवढी गुळगुळीत निघाली की दोनदा हात फिरवला.

झाड पाडणारे एलियेसेर कास्कान्ते कॉफीला आले. वय पंचाहत्तर, जीभ पंचविशीची. म्हणाले, “मास्तरीणबाई, नऊ दिवस थांबा म्हटलं होतं. चढत्या चंद्रात आम्ही कुंपणाचे खुंट तोडतो, रुजावेत म्हणून. टेबलाचं लाकूड उतरत्या चंद्रात तोडायचं, म्हणजे ते मरतं. तुम्हाला टेबल हवंय की कुंपण?” मी सांगितलं की रजा पाचच दिवस होती आणि चंद्र आमच्या शाळेच्या नोकरीत नव्हता. हसता हसता त्यांना ठसका लागला. जाताना मात्र बजावून गेले, टेबलाचे पाय मातीला लागू देऊ नका, खाली निदान सपाट दगड तरी ठेवा.

९ जुलै
पाय त्याच झाडाच्या फांद्यांचे केले. शेडची जमीन मातीची, उंचसखल. दगडांवर टेबल डुगडुगायला लागलं. दगड काढून टाकले, पाय दोन बोटं मातीत पुरले आणि पाणसळ लावली. बुडबुडा बरोबर मधोमध. फळीतली भेग वाढू नये म्हणून तिच्यावर डमरूच्या आकाराची पाचर ठोकली. घट्ट बसली.

१२ जुलै
जवसाच्या तेलाचा पहिला हात. शाळेची स्वयंपाकीण मेल्बा बघायला आली. म्हणाली, “बाई, पोरं सांडतील ते सगळं हे टेबलच पिऊन टाकेल, इतकं तहानलेलं दिसतंय!” अर्ध्या तासात तेल जिरलं होतं. दुसरा हात दिला. तोही जिरला.

१५ जुलै
पाचर जमिनीवर पडलेली. भेग बुजली आहे. वाळलेल्या लाकडाची भेग रुंदावते, बुजत नाही. ओलावा एकवीस टक्के. मापक बिघडला असणार. रुंदी ९६. टेपही बिघडली?

१७ जुलै
रुंदी ९९. टेप तीच, डोळे तेच. कडेवर पुन्हा साल आली आहे, पातळ, गुलाबीसर. कडेला टेकवून ठेवलेली पोलादी पट्टी दोन बोटं आत गेली आहे. पाय लावून ओढली. निघाली नाही.

फाटकाशी जाऊन ती तार पुन्हा बघून आले. आज मजा वाटली नाही.

१९ जुलै
टेबल हलत नाही. पायांशी उकरलं. मुळं. पांढरी, ओली, दोऱ्यासारखी. फावड्याने सगळी तोडली. मीठ ओतलं. चाळीस वांड पोरांचा वर्ग सांभाळलाय मी. एका टेबलाने मला शेडबाहेर काढायचं नाही.

२१ जुलै
मुळं परत. आता बोटाएवढी.

एलियेसेर आले. टोपी काढून उभे राहिले, थट्टा नाही. म्हणाले, “माझ्या बहिणीकडे राहायला चला, बाई. हे राहू द्या.” मी नाही म्हटलं. मग म्हणाले, काल पौर्णिमा झाली, चंद्र उतरतोय. आता चारही पाय कापले तर मरेल. त्यांची यंत्र-करवत दुरुस्तीला आहे, सव्वीसला मिळेल.

सव्वीसला!

२२ जुलै
सकाळी कडेवर पाल बसली होती. दुपारी नुसती शेपटी बाहेर, वळवळत. संध्याकाळी तीही —

मुलांची बोटं केवढीशी असतात.

२३ जुलै
मेल्बाला फोन केला. टेबल देणार नाही. वाकडं झालंय. ती हसली, “पोरंही वाकडीच आहेत, चालेल!” उचलता येत नाही म्हटलं, तर म्हणाली, मग उद्या सकाळी पोरांनाच तुमच्या अंगणात घेऊन येते, सणाचं जेवण एक दिवस आधीच होऊ दे, भातही तिथेच शिजवू. खरं सांगितलं. मग म्हणाली, “बाई, एकट्या राहून राहून... दहाला येतेच.”

एलियेसेरांचा फोन लागत नाही.

२४ जुलै, पहाटे साडेपाच
हातकरवत आहे. हात आहेत. सुरुवात करते.

सात
एक पाय. आतून डिंक वाहतोय, गरम.

सव्वाआठ
दोन.

नऊ
तीन पाय कापले. टेबल पडलं नाही. एका पायावर उभं आहे, बुडबुडा अजून मधोमध.

नऊ वीस
चौथ्याला खाली वाकताना डावा हात कडेवर टेकला. क्षणभरच. साल बोटांवर आली आहे. दुखत नाही. उबदार आहे, म्हणूनच जास्त —

उजव्या हाताने लिहितेय, याच टेबलावर. वही चिकटत चालली आहे. जो वाचेल त्याने मुलांना फाटकाबाहेर ठेवावं. पाय पूर्ण तुटल्याशिवाय आत येऊ नये.

मनगटापर्यंत.

मी ओरडणार नाही. तुला ऐकायला आवडत असेल, तरी नाही.

फाटक वाजलं. पोरं गाताहेत. मधे मधे एका हाताने कापत चौथा पाय अर्धा झालाय. उजवा हात माझा आहे, करवतही माझी. पेन्सिल ठेवते. आधी पाय, आणि नाहीच तुटला तर मग माझं मनगट, पण या टेबलावर एकही मूल जे—