माळेखालचा लाल दिवा

२९ सप्टेंबर, सोमवार

माझं नाव काढून टाकलं! नलगोंड्याच्या विहिरींवरचा लेख छापायला गेला आणि पहिलं नाव मेघनाचं. आमच्या प्रयोगशाळेच्या सारंग सरांची नवी विद्यार्थिनी — तिने यातली एक विहीर पाहिलेली नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे मी फिरले त्या गावांतून. पाण्यातलं फ्लोराइड मोजलं, पोरांच्या पिवळ्या दातांचे फोटो काढले, तिथलंच पाणी प्यायले. आणि मी कुठे? आभारात. ड्रायव्हरच्या खाली!

विचारायला गेले तर सर म्हणाले, "केतकी, तू फक्त माहिती गोळा केलीस. संशोधन वेगळं." वर हसून, "रागावलीस की तुझं हैदराबादी मराठी छान ऐकू येतं." पुण्याहून आलेत ना!

लॅपटॉपही गेला. मेघनाला हवाय म्हणे. त्यातलं सगळं पुसूनच द्यावा लागला. मुलांची नावं, फोटो स्वतःजवळ ठेवायचे नाहीत हा नियम. आता सगळं फक्त प्रयोगशाळेच्या सर्व्हरवर. कागदावर तर कधी काही नव्हतंच, विहिरीच्या काठावरच टॅबमध्ये भरायचे.

३० सप्टेंबर

शेजारच्या इंदुताईंकडे जाऊन रडले. निवृत्त वकील, चिक्कडपल्लीतली निम्मी भांडणं त्यांनी मिटवलीत. "रडू नक्को गं. अर्ज कर. हक्काचं आहे."

नाही करणार. हात पसरून मिळालेलं नाव नको मला. मला त्या माणसाचं नाक कापलेलं बघायचंय.

१ ऑक्टोबर, बुधवार

आयुधपूजा. सगळी यंत्रं पुसली, हळदकुंकू लावलं. सर्व्हरच्या खोलीत दोन यंत्रं — एकावर सगळ्यांचं काम, खालच्यावर त्याची प्रत, रोज संध्याकाळी आपोआप उतरणारी. नारळ वाढवायचा मान अर्थात सरांचा. समोर दगड ठेवला होता. सरांनी असा काही जोर लावला की पाणी उडालं ते सरळ खालच्या यंत्राच्या जाळीतून आत!

सगळे टाळ्या वाजवत होते. मी अगदी शेजारी. यंत्रातून चर्र आवाज आला. हिरवा दिवा गेला, लाल लागला. तेवढ्यात मेघनाने वरून झेंडूची माळ घातली आणि दिवा झाकला गेला.

माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. तोंडापर्यंत आलं होतं — "सर, मशीन!" मग कुणीतरी हातावर खोबरं ठेवलं. खाल्लं. गोड होतं.

२ ऑक्टोबर

दसरा. सरांनी घरी बोलावलं होतं सगळ्यांना. हातावर जम्मीची, म्हणजे शमीची पानं, इकडचं सोनं, ठेवून म्हणाले, "मनात काही ठेवू नकोस हं." मी वाकून नमस्कार केला! मला इतकं नाटक येतं हे माहीत नव्हतं.

७ ऑक्टोबर

सांगायला हवं का? का सांगू? माहिती आता त्यांची आणि मेघनाची आहे ना? मग सांभाळावी त्यांनी.

१५ ऑक्टोबर

माळ पार वाळली. पूजेची म्हणून कुणी हात लावत नाही. देव माझ्या बाजूने आहे!

२८ ऑक्टोबर, मंगळवार

झालं! झालं! झालं!

सरांना ई-मेल आली. कुठल्याशा परिषदेचं निमंत्रण, प्रमुख पाहुणे म्हणून. प्रमुख पाहुणे म्हटल्यावर सर दम धरतायत होय! सोबतची फाइल उघडली. दुपारपर्यंत सर्व्हरवरच्या सगळ्या फायलींना कुलूप, पडद्यावर खंडणीची धमकी. मेघना रडायला लागली.

सर मात्र निवांत. "घाबरताय काय? प्रत आहे आपल्याकडे." स्वतः वाकून माळ बाजूला केली.

तो चेहरा! मी दारातच उभी होते, मुद्दाम. संगणक बघणाऱ्या सलीमभाईंना विचारतायत, "ये लाल बत्ती कब से है?" ते म्हणाले, "मालूम नै सर. हार था ना उस पे. पूजा का हार कौन निकालता?" सर तिथेच फरशीवर बसले. माझी दिवाळी आज झाली. येताना दिलसुखनगरला उतरून मिरची भजी खाल्ली, एकटीने, पोटभर.

३० ऑक्टोबर

बाहेरचा तज्ज्ञ दोन्ही यंत्रं बघून गेला. वरच्याचं कुलूप उघडत नाही, खालचं आतून जळालंय; काही निघणार नाही. पुन्हा मोजायचं म्हटलं तर त्यातल्या बहुतेक विहिरी बुजवल्यात, गावांत नळ आलेत. सर एकदम म्हातारे दिसायला लागलेत. दिसू देत. मला कीव येत नाही. छान झोप लागते.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

संध्याकाळी इंदुताई पेढे घेऊन आल्या. "रागावू नक्को. तू लिहिणार नव्हतीस, म्हणून मीच लिहिलं त्या मासिकाच्या संपादकांना. आज उत्तर आलं. लेख थांबवलाय! काम तुझं असेल तर पहिलं नाव तुझं, म्हणतात. सोमवारी तेवढ्या मूळ नोंदी पाठवून दे. आहेत ना गं?"

"हौ," म्हटलं. पेढाही खाल्ला.

काय पाठवू? माझ्याच नोंदी मी जळू दिल्या.