बाबूमामांना सांगायचं राहिलं

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष होत आलं. एवढ्या दिवसांत मनातल्या मनात तुमच्याशी पुष्कळ बोलले, पण लिहायला धजले नाही. लिहायला बसलं की आपण स्वतःला सोयीचं तेवढंच सांगतोय, हे लगेच दिसतं. आज लिहितेय, कारण दुपारी खडवलीहून सुलभाचा फोन आला होता. तुमच्या बाबूच्या सुनेचा.

बाबूमामांच्याही किडन्या गेल्यात, आई. तुमच्यासारखंच, साखरेमुळे. डॉक्टरांनी डायलिसिस लगेच सुरू करा म्हणून सांगितलंय आणि मामा ऐकत नाहीत. घरातल्या सगळ्यांनी समजावून झालं. शेवटी सुलभा रडकुंडीला येऊन म्हणाली, "वहिनी, ते म्हणतात, ताईला मी शहाळं पाजून मारलं. आता मी कशाला सुया टोचून घेत जगू?"

 हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं, ते मला माहीत आहे.

मी तुमची काळजी घेतली, असं सगळे म्हणतात. घेतलीही असेन. भाजी दोनदा उकडून पाणी फेकायचं, मिठाची बरणी वरच्या फळीवर, दिवसभराचं पाणी सकाळीच एका तांब्यात मोजून द्यायचं आणि गोळ्याही त्यातूनच घ्यायला लावायच्या. माजिवड्याच्या डायलिसिस सेंटरमधल्या सिस्टर दुसऱ्या पेशंटच्या घरच्यांना सांगायच्या, "आजींच्या सूनबाईंना विचारा, त्या सगळं नीट सांगतील." मला ते फार आवडायचं. किती आवडायचं, ते लिहितानाही लाज वाटतेय.

तुम्ही मात्र सगळं हसण्यावारी न्यायचात. मशीनवर जायच्या आधी वजन, उतरल्यावर पुन्हा वजन. "रद्दीवालासुद्धा एवढ्यांदा तोलत नाही गं," म्हणायचात. मशीनच्या सुयांसाठी डाव्या हाताच्या शिरा जोडून फिस्टुला केला आणि त्या हातात बांगडी घालायची नाही असं ठरलं, तेव्हा तुम्ही दोन्ही हातांतल्या बांगड्या उजव्या हातात चढवल्यात. परतताना रिक्षात त्या किणकिणत राहायच्या आणि तुम्ही दमून माझ्या खांद्यावर डोकं टेकायचात. मला त्या आवाजाचा कधी कधी त्रास व्हायचा. आता खोपटच्या सिग्नलला रिक्षा थांबली की मी उगाच शेजारी बघते.

आणि तो शुक्रवार. मी अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर बाबूमामा आलेले. परसातल्या माडाची शहाळी पिशवीत घालून, सत्तरी उलटलेला माणूस खडवलीहून एकटा आला होता. त्यांनी एक फोडून तुम्हाला पेल्यात ओतून दिलं होतं. आजाऱ्याला बघायला जाताना माणूस दुसरं काय नेतो? किडनीच्या पेशंटला शहाळं चालत नाही, त्यातलं पोटॅशियम रक्तात साठून हृदयाला धोका होतो, हे त्यांना कोण सांगणार होतं? सेंटरमध्ये अनोळखी लोकांना समजावणाऱ्या मला आपल्या माणसांना सांगायचं सुचलं नव्हतं.

तुम्ही जेमतेम दोन घोट घेतले होते. मी पेला तुमच्या हातातून काढून घेतला आणि म्हणाले, "मामा, मारायचंय का आईंना?"

मामांनी उरलेली शहाळी पिशवीत भरली, चपला घातल्या. तुम्ही "अरे बाबू, चहा तरी घेऊन जा" म्हणत राहिलात. त्यांनी चहा घेतला नाही आणि मीही थांबवलं नाही.

ते गेल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "लहानपणी तापला की मीच त्याला शहाळं आणून द्यायचे गं. त्याला दुसरं काय सुचणार?" मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिलात. आई, त्या दिवशी तुम्ही मला चांगलं झापायला हवं होतं. सासू असून तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, हा तुमचाही दोषच म्हणायचा!

दुसऱ्या दिवशी सेंटरमध्ये मी गेल्या गेल्या सांगून टाकलं. त्यांनी मशीन लावायच्या आधी रक्त तपासलं. पोटॅशियम नेहमीइतकंच होतं. दोन घोटांनी काही बिघडलेलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "आता बाबूला कळव." मी "कळवते" म्हणाले. तुम्ही स्वतः फोन केलात, पण मामांना फोनवर धड ऐकू येत नाही, हो हो करून त्यांनी ठेवून दिला. "तू जाऊन ये ना एकदा," असं तुम्ही नंतरही म्हणालात. मी आज जाते, उद्या जाते करत राहिले.

मग दहा-बारा दिवसांतच तुम्ही पहाटे झोपेतच गेलात. डॉक्टरांनी तुमच्या सतीशला आणि मला नीट समजावलं. इतक्या वर्षांत हृदय थकलं होतं, शहाळ्याचा काही संबंध नाही. एवढं स्पष्ट सांगितलं होतं.

तुम्हाला न्यायच्या आधी पॅसेजमध्ये मामांनी मला गाठलं. माझा हात धरून हळूच विचारलं, "वर्षा, त्या शहाळ्यानं का गं?"

मी नुसती रडले. नाही म्हटलं नाही.

लोक जमले होते, मला काही सुचत नव्हतं, हे सगळं खरं. पण तेवढंच खरं नाही. त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, आई. शहाळ्यानंच झालं असेल तर मी त्यांना त्या दिवशी बोलले ते बरोबर ठरत होतं. भावाला बहिणीसमोर अपमान करून घालवणारी सून मला व्हायचं नव्हतं. सासूसाठी कुणाशीही वाईटपणा घेणारी सून व्हायचं होतं. माझं ते चित्र शाबूत राहावं म्हणून मी त्यांना तसंच जाऊ दिलं.

वर्षश्राद्धाला ते आले नाहीत. "वय झालं आता, प्रवास झेपत नसेल," असं आम्ही म्हणालो. सगळ्यात आधी मीच म्हणाले.

आता सतीश म्हणतोय, सुलभाला फोन करून सांग, ती त्यांना सांगेल. नको. दुसऱ्याच्या तोंडून गेलं तर मामांना वाटेल, त्यांना तयार करायला आम्ही रचून सांगतोय. मी हे त्यांच्यासाठी करतेय की मला सुटायचंय म्हणून, असंही दिवसभर मनात येतंय. दोन्ही असेल. त्याचा छडा लागेपर्यंत थांबायला मात्र मामांकडे वेळ नाही.

म्हणून आई, तुम्हाला शब्द देते. उद्या सकाळी मी खडवलीला जाईन. त्यांच्या कानाशी बसून मोठ्याने, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन, की मामा, तुमच्या शहाळ्यानं आई गेल्या नाहीत, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" असं ते विचारतील. तेही सांगेन, जसं इथे लिहिलंय तसंच. डायलिसिस करा म्हणून त्यांच्या मागे लागणार नाही. तो हट्ट धरायचा हक्क मी घालवलाय. त्यांना नाही म्हणायचं असेल तर त्यांनी थकून म्हणावं, भिऊन म्हणावं, स्वतःचा जीव म्हणून म्हणावं. मी गप्प बसले म्हणून त्यांनी नाही म्हणू नये.

तुमची,
वर्षा