याडीचं बी आणि माझे तीन टब

९ एप्रिल, सकाळी ६.४०
डायरीची माफी मागतो. संक्रांतीनंतर एक ओळ लिहिली नाही. कारण, पेन सापडत नव्हतं. (प्रामाणिकपणे: पेन डायरीतच होतं. डायरी उघडली असती तर सापडलं असतं.)

पुन्हा लिहायला घेतो, त्याला कारण गंभीर आहे. गेल्या आठवड्यात सृष्टीचं पोट बिघडलं. पोरगी नववीत, वजन आधीच कमी. डॉक्टर म्हणाले, फळं-भाज्या नीट धुऊन खात जा. माझ्या बायकोचं, शिलाचं, म्हणणं, पाणीपुरी बंद करा असंही म्हणाले. मला तसं आठवत नाही. (पाणीपुरी मीच खाऊ घातली होती. तो वेगळा मुद्दा.)

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. एकवीस वर्षं पतसंस्थेत क्लार्क आहे म्हणून केमिस्ट्री कुठे जात नाही. संकल्प: आजपासून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय ओट्यावर चढणार नाही. तीन टब आणले. लाल, मिठाच्या पाण्याचा. निळा, खाण्याच्या सोड्याचा. हिरवा, साध्या पाण्याचा. चार्ट करून फ्रीजवर लावला. शिलाने तो पूर्ण वाचला आणि विचारलं, "यात तुमी कोणत्या टबात?"

१० एप्रिल
चार्टमध्ये दुरुस्ती. कोबीची वरची पानं काढून टाकणे. मेथीची मुळं आधी कापणे, मग तीन पाणी. बटाटे ब्रशने. साबण कशालाही नाही, भाजीत मुरतो. व्हिडिओत स्पष्ट सांगितलं आहे. माझंही पहिल्यापासून तेच मत होतं. (काल द्राक्षं हँडवॉशने धुतली, तो प्रयोग समजावा. सृष्टी म्हणाली, "पप्पा, गुलाबाची चव लागते.")

१३ एप्रिल
गुळाची भेली हिरव्या टबात ठेवली. तेवढ्यात ऑफिसचा फोन. परत आलो तर टबात सरबत.
निष्कर्ष: काही वस्तू स्वभावतःच स्वच्छ असतात. गूळ त्यांतला एक. चार्टमधून वगळला.
कांदेही वगळावे लागतील. परवा धुतलेले पाच किलो आज बोलावल्याशिवाय आपली हजेरी देऊन राहिले आहेत. शिलाने नाकाला पदर लावून ते बाहेर नेले. काही बोलली नाही. म्हणजे तिला पटत असावं.

१७ एप्रिल
नळ सहा दिवसांनी येतो. अर्धा ड्रम भाजीला लागला. शिला म्हणाली, "वांग्याची आंघोळ झाली. माणसाची कधी हाय?"
मी स्वतः आज आंघोळ केली नाही. त्याग. ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ खुर्ची सरकवून बसले.
मी अतिरेक करतो का? शांतपणे विचार केला. नाही.

२१ एप्रिल, संध्याकाळ
याडीचा फोन. (याडी म्हणजे आई, नाव धुरपता. ती आमच्या गोरमाटीत, बंजारा बोलीत, बोलते, मी मराठीत उतरवतो, म्हणजे पुढेमागे सृष्टीला वाचता येईल. नाही. सृष्टीने हे वाचायचं नाही.)
याडी कनेरगाव नाक्याच्या पुढे तांड्यावर एकटी राहते. दर पंधरा दिवसांनी भागवत कंडक्टरच्या हाती भाजीचं पोतं पाठवते. घरकुल मंजूर झालंय, जुनं घर परवा पाडणार. म्हणाली, उद्या पोतं पाठवते, त्यात एकदम खाली...
मी तिथेच थांबवलं. म्हटलं, याडी, आधी माझं ऐक. शेतातला माल, त्यावरचे जंतू, फवारणीचे अंश, तीन टब, सगळं सोप्या भाषेत सांगितलं. बारा मिनिटं. मध्ये तीनदा ती "आरं पण खाली" म्हणाली. मी विषय भरकटू दिला नाही. शेवटी म्हणाली, "बरं. तू शिकलेला हाईस. तुझ्याकडं नीट राहील."
समजावून सांगितलं की म्हातारी माणसंही ऐकतात.

२२ एप्रिल
स्टँडवरून पोतं आणलं. वांगी, शेवगा, लसूण. आणि सगळ्यात खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, शेणाच्या सात वाळक्या थापट्या! खाण्याच्या भाजीसोबत! वर पाचही बोटांचे ठसे. म्हणजे हातमोजे नाहीत. मध्ये बिया अडकलेल्या. म्हणजे जनावराचं पचनही बरं दिसत नाही.

दुसऱ्या कुणीही उचलून फेकल्या असत्या. मी तसा बेजबाबदार नाही. मोठं पातेलं उकळलं, त्यात ब्लीचिंग पावडर, त्यात थापट्या. दोन तास. मग सगळं नालीत. पातेलं दोनदा घासलं. शिला म्हणाली, त्यात आता तिचं वरण होणार नाही.

याडीला काही कळवलं नाही. घर पाडायच्या गडबडीत गोवऱ्या चुकून पोत्यात गेल्या असतील. तिला लाजवायचं नाही.

५ मे
याडीचा शिलाला फोन. "माझ्या वाळकाचं बी कोरडं हाय ना? भिंतीला लावून दिलं का?"

ते वाळकाचं, त्या गावठी काकडीचं, बी होतं. बी शेणात थापून भिंतीला लावलं की किडा लागत नाही, मृगापर्यंत टिकतं. हे मला माहीत होतं. लहानपणी आमच्या चुलीमागच्या भिंतीवर थापट्यांची रांग असायची. तिच्याखाली बसून मी अभ्यास केला. बी.एस्सी. झालो. आणि ओळखलं नाही.

याडीने ते बी लग्नात माहेराहून पदराच्या गाठीला बांधून आणलं. बावन्न पावसाळे तिने ते मोडू दिलं नाही. दुष्काळात घागरीने पाणी घालून दोन वेल जगवले, ते बियांपुरते. आता भिंतच पाडायची म्हणून माझ्याकडे पाठवलं.

शिलाने फोनवर सांगितलं, "व्हय, यांनी जपून ठेवलंय." फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मृगाच्या आत खरं सांगा. मी दुसऱ्यांदा खोटं बोलणार न्हाई."

६ मे
संकल्प: उद्या फोन करून सगळं खरं सांगणे.

७ मे
सांगितलं नाही. ऊन फार आहे. अशा उन्हात वयस्कर माणसाला वाईट बातमी देऊ नये.

१० मे
फोन केला. सिमेंट, वाळू, गवंडी, शेजाऱ्याची शेळी, सगळ्याची चौकशी केली. चौदा मिनिटं. खरं सांगायला जागाच मिळाली नाही. बोलण्याचा ओघ तिच्याकडे होता.

१४ मे
मार्ग सापडला. फसवणूक नव्हे, भरपाई.
कृषी केंद्रात वाळकाचं बी मागितलं. दुकानदार म्हणाला, "साहेब, वाळूक आता कोण लावतं? काकडी घेऊन जा, हायब्रीड." घेतलं. वेल वेल असतो.
बिया भडक गुलाबी. औषध लावलेल्या. पाकिटावर ठळक: विषारी, खाण्यास अयोग्य. लाल टब, निळा टब, हिरवा टब, शेवटी जुना टूथब्रश. एक तास वीस मिनिटं. रंग गेला. तीन टबांचं चीज झालं.

१५ मे
शेणासाठी जवळ मकबूलभाईंचा गोठा. म्हणाले, "क्या साब, दूध छोड़ के गोबर पे आ गये?" मी हसलो. कारण सांगितलं नाही.
हातमोजे घालून थापलं. शेण मोज्याला धरतं, भिंतीला धरत नाही. मोजे काढले. कंपाउंडच्या भिंतीवर सात लावल्या, चार पडल्या, परत लावल्या. भिंतीपलीकडून गौसियाभाभींनी डोकं वर काढलं. "भाईसाब, तबियत तो बराबर है ना?" म्हटलं, प्रोजेक्ट आहे.
ठसे मोठे उमटले. याडीचा हात लहान आहे. सृष्टीला विचारलं, बेटा, जरा पंजा देतेस का? ती आत जाऊन कडी लावून बसली.
हात अकरा वेळा धुतले. जेवताना चमचा घेतला.

४ जून
याडी बी न्यायला आली. चहाही न घेता सरळ भिंतीकडे गेली. एक थापटी काढून वास घेतला. "हे म्हशीचं." मग आपला पंजा ठशावर ठेवला. माझा ठसा दोन बोटं बाहेर उरला. नखाने एक बी उकरलं आणि फोडून पाहायला दाताखाली धरलं.
मी ओरडलो, "थुंक! याडी, थुंक! विष हाय!"
ते बी मी तीन टबांतून काढलं होतं. ब्रशने घासलं होतं. तरी माझ्या धुण्यावर माझाच भरवसा नव्हता. आईच्या तोंडात गेल्यावर कळलं.
तिने चूळ भरली. चार वेळा मी भरायला लावली. मग विचारलं, "माझं कुठं हाय?"
म्हटलं, धुतलं.
"काहून?"
तिने पदर सावरला आणि चहा प्यायला गौसियाभाभींकडे गेली. संध्याकाळी परत आली. म्हणाली, "मोतीकडं असंल. उद्या तू चल माझ्यासंगं."
शिलाच्या हातातली पळी थांबली. मोतीबाई म्हणजे माझी काकी, याडीची जाऊ. वसमतच्या पुढच्या तांड्यावर मुलाकडे राहते. याडीने तिला फार पूर्वी मूठभर बी दिलं होतं. पण दोघींत अकरा वर्षं अबोला आहे. कशावरून, ते दोघींनाही नीट सांगता येत नाही. मात्र तिच्या दारात पाय ठेवणार नाही, असं याडी भरल्या पंगतीत बोलून बसली आहे. माझ्या लग्नात काकी आली तेव्हा याडीने तोंड फिरवून अक्षता टाकल्या... नाही, ते लग्न धाकट्या भावाचं. तारखा नीट लिहाव्यात.
माझ्यामुळे तिला आता त्या दारात जायचं आहे.

५ जून
हिंगोलीहून वसमत, पुढे काळीपिवळीने तांडा.
काकी दारातच होती. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या. मग याडीने मला कोपर मारलं. "सांग."
मी सांगितलं.
"काय केलंस म्हणतोस?"
धुतलं.
"बी धुतलं?"
शेण समजून.
"शेण धुतलंस?" काकी उंबऱ्यावर बसली. पदर तोंडात कोंबला, तरी आवरेना. शेजारणीला हाक मारली, "ये पारू, ऐकून जा! धुरपताचा बीएस्सी शेण उकळून धुऊन राहिला!" पारुबाई आली. तिच्या मागे आणखी तिघी. मला परत सांगावं लागलं, उकळण्यासकट. याडीने ओठ दाबून धरले होते. दुसऱ्यांदा ब्लीचिंग पावडर आली तिथे तिचाही धीर सुटला. दोघी जावा एकमेकींच्या खांद्याला धरून हसल्या. मग रडल्या. मग माझ्याकडे पाहून परत हसल्या.
गूळ-पाणी आलं. गुळावर मुंगी होती. खाल्ला. मुंगीचं काय झालं ते लिहीत नाही.
काकीने चुलीमागच्या भिंतीवरून थापटी काढली. याडीने वास घेतला, मान डोलावली. परतीच्या बसमध्ये ती थापटी माझ्या मांडीवर होती. हात उघडे. शेजारचा प्रवासी वसमतपासून हिंगोलीपर्यंत उभा राहून आला.

६ जून
पोट ठीक. निरीक्षण चालू आहे.
एक गोष्ट नोंदवून ठेवतो: अकरा वर्षांचा अबोला माझ्यामुळे सुटला. हे कुणी बोलून दाखवत नाही.

१९ ऑक्टोबर, संध्याकाळ
चार महिने लिहिलं नाही. या वेळी पेनला दोष देत नाही.
आज पोतं आलं. पिवळी, तडकलेली वाळकं. सगळं घर घमघमलं. सृष्टीने एक टी-शर्टला पुसून दात लावला. मी पाहिलं. नळाखाली धर, हाताने चोळ, पुरे झालं, एवढंच म्हटलं. निळ्या टबात शिला आता कपडे भिजवते. चार्टच्या पाठीवर दूधवाल्याचा नंबर आहे.
मग याडीचा फोन. मी मध्ये बोललो नाही. आधी काकीबद्दल बोलली, दोघींचं रोज बोलणं होतं. मग मुद्द्यावर आली. घरकुलाच्या भिंतींना फरशी लावली, तिच्यावर शेण धरत नाही. म्हणून बी यंदाही हिंगोलीत ठेवायचं.
मला भरून आलं. म्हटलं, याडी, आपली कंपाउंडची भिंत आहे. मी स्वतः लक्ष ठेवीन.
"तुझी भिंत नगं. गौसियाच्या भिंतीला लावायचं ठरलंय. थापणारबी तीच. तिच्याशी बोलणं झालंय."
म्हटलं, मग मी काय करू?
"तू शेण आणून दे. म्हशीचं न्हाई."

उद्याचं काम: गाय शोधणे.