चौथीचा दरबार

३ जानेवारी १९५५

इतिहासाचा तास म्हणजे झोपेचा तास झाला आहे. आज सनावळी विचारली तर पुनाजी उभा राहिला आणि उभाच राहिला. मी पदर खोचून त्याच्यापुढे गेले. "बरं. पुढे?" म्हटलं. पुढे काही नाही! नुसता माझ्या हातातल्या रुळाकडे पाहत होता. हिंगणीला बदलून आल्यापासून या पोराचं एक अख्खं वाक्य मी ऐकलेलं नाही. जंगलातल्या सगळ्या वाटा म्हणे त्याला पाठ. मग इतिहासानंच त्याचं काय घोडं मारलंय?

रात्रभर डोक्यात तेच. धडा वाचायचाच नाही. खेळायचा.

५ जानेवारी

खेळलो! दुष्काळाचा धडा — राजा सारा सोडत नाही, रयत गाऱ्हाणं घेऊन दरबारात येते. बाकं भिंतीला लावली. राजा व्हायला कोणी तयार होईना. शेवटी बायजा उठली. गावाबाहेरच्या गोंड वस्तीतली, टोल्यावरची, अंगानं काडी, पण जीभ धारदार.

"बाई, राजा दिवसभर काय करते?"

म्हटलं, ते पुस्तकात नाही, तूच ठरव. ज्याला सगळे घाबरतात असा कोणी पाहिला असशील ना? तो डोळ्यांपुढे आण.

तिनं थोडा विचार केला. "पाह्यला हाय," म्हणाली.

७ जानेवारी

आज तर कमालच. बायजानं शालीचं टोक कमरेला खोचलं, काठी तळहातावर आपटत दरबारात फिरायला लागली. गाऱ्हाणं सांगणाऱ्यापुढे थांबायची, मान तिरकी करायची — "हं. मंग?" पोरांची हसून मुरकुंडी.

आणि पुनाजी बोलला! रयत म्हणून हात जोडून उभा होता. "महाराज, घरी समदं येत होतं. तुमच्या समोर आलो का इसरलो."

हे कुठून आणलं त्यानं? पुस्तकात नाही, मी सांगितलं नाही. सगळ्या रयतेचं दुःख एका वाक्यात! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. शाबासकी दिली तर पुन्हा मुका.

९ जानेवारी

झोप नाही. तो राजा कोण, ते आत्ता लक्षात आलं. काठी, ती तिरकी मान — प्रभाकरराव, गावचे जुने मालगुजार! ती जमीनदारी जाऊन चार वर्षं होत आली, पण त्यांच्या ओट्यापुढून जाताना माणसं अजून चपला हातात घेतात. आणि आमची शाळा भरते त्यांच्याच धान्याच्या कोठीत. गेल्या वर्षी कोणीतरी भिंतीवर कोळशानं त्यांच्यासारख्या मिशा रेखाटल्या, तर कोठी रिकामी करा म्हणून निरोप आला होता.

आणि सव्वीस जानेवारीला हा दरबार गावापुढे करायचा, तेव्हा पहिल्या खुर्चीवर तेच बसणार.

११ जानेवारी

दत्तोपंत हेडमास्तर दारात उभे राहून सगळा दरबार पाहून गेले. नंतर हळूच म्हणाले, "बाई, हे गावापुढे करायचं? पुन्हा एकदा विचार करा. लोक ओळखतील हो."

"ओळखू देत," म्हटलं मी. फार ताठ्यात म्हटलं. घरी येऊन भाजी करपवली.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन प्रभाकररावांकडे. काठी गुडघ्यांत धरून बसले होते. माझं लक्ष काठीकडेच. ती हातावर आपटतात का? नाही आपटली. जमिनीवर टेकतात फक्त.

"तुमच्या नाटकात राजा कोन होऊन राह्यलं?"

बायजा, म्हटलं.

"बरं हाय. मी येतोच पाहाले."

१९ जानेवारी

आज राजा बदलायचा प्रयत्न केला. बायजाला म्हटलं, काठी ठेव, जरा प्रेमानं बोल. सगळा दरबार मेला! पुनाजी तर आपलं वाक्यच विसरला.

"काठी नसली तं मले राजा वाटतच नाई, बाई," बायजा म्हणाली. त्यावर पोरं खिदळायला लागली. मी संतापले, टेबलावर रूळ आपटला. एका क्षणात वर्ग चिडीचूप. निदान एवढा धाक तरी आहे.

शेवटी म्हटलं, करा पहिल्यासारखंच. मी भित्री आहे की हट्टी, मलाच कळत नाही.

२५ जानेवारी

उद्या. कोठी गेली तर चौथी कुठे बसवायची? उन्हाळ्यात झाडाखाली एक वेळ चालेल. पावसात?

२६ जानेवारी

झालं. वाचलो!

बायजा काठी घेऊन आली तेव्हा प्रभाकररावांच्या कपाळाला आठ्या. ती पुनाजीपुढे थांबली, मान तिरकी केली — "हं. मंग?" — आणि ते हसले. आधी गालात, मग पोट धरून. सारं गाव हसायला लागलं. बाया माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावत होत्या. मीही हसले, अगदी मोकळी हसले. दत्तोपंत तेवढे खाली पाहत होते. बिचारे अजून घाबरलेलेच.

पुनाजी आपलं वाक्य बोलला तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

जाताना प्रभाकरराव म्हणाले, कोठीच्या छपरावर नवे कवेलू टाकून देतो. माणूस वाटतो तसा नाही. त्यांच्याबद्दल उगाच काय काय मनात धरून बसले होते मी.

२७ जानेवारी

सकाळी कवेलूंनी भरलेली बैलबंडी आली, मागून प्रभाकरराव. म्हटलं, कालचं तुम्ही मनावर घेतलं नाहीत, उपकार झाले.

"मी काऊन मनावर घेऊ?" ते म्हणाले. "काळीज तुमचं मोठं हाय, बाई. सोतःची नक्कल साऱ्या गावापुढे करू देली."

दुपारी इतिहासाचा तास. पुनाजीला उभं केलं. माझा हात पदराकडे गेला, तो तिथेच राहिला. रूळ टेबलावर होता. "बरं," म्हटलं.

पुढचं मला सुचेना. वर्ग वाट पाहत होता.